पर्यायाचीही झडती घ्या: पायरोटेक्निक मानके लिहिणाऱ्या समित्यांना खुले पत्र

सर्व सदस्यांस,

स.न.वि.वि.

आपण लिहिता ती कागदपत्रे फार थोडे लोक वाचतात. पण बुडत्या बोटीवरच्या खलाशाने हातात धरलेली लाल मशाल किती लांबून दिसेल, धडक झाल्यावर गाडीतली एअरबॅग नीट फुगेल की फुटेल, दारूकामाचा धूर बघणाऱ्यांच्या फुप्फुसांत काय सोडून जाईल, हे त्या कागदांवरून ठरते. मी रसायनशास्त्र शिकवते. ज्वालेचे रंग आणि त्यामागचे रसायन हा माझ्या आवडीचा आणि बऱ्याच वर्षांच्या वाचनाचा विषय आहे. हे पत्र त्या आस्थेतून लिहिते आहे.

अधिक सुरक्षित आणि अधिक स्वच्छ पायरोटेक्निक पदार्थ, म्हणजे जळून प्रकाश, रंग, धूर किंवा वायू देणारी मिश्रणे, शोधण्याचे काम गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जोमाने पुढे गेले आहे. त्याचा मला मनापासून आनंद आहे. तक्रार आहे ती नव्या पदार्थाला पास करण्याच्या पद्धतीबद्दल. जुन्या पदार्थाचा एक दोष डोळ्यांसमोर असतो. नव्यात तो दोष नाही असे दिसले की त्याला 'सुरक्षित' किंवा 'स्वच्छ' म्हटले जाते. त्याचे स्वतःचे दोष मात्र कुणी मुद्दाम शोधलेले नसतात. ते पुढे कधीतरी समोर येतात, आणि तोवर तो पदार्थ सगळीकडे पोहोचलेला असतो.

हे नवे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले यांनी पोटॅशियम क्लोरेट तयार केले. सोऱ्यापेक्षा (पोटॅशियम नायट्रेटपेक्षा) हा पदार्थ कितीतरी जोमदार, म्हणून बंदुकीच्या दारूत सोऱ्याच्या जागी तो घालून पाहायचे ठरले. १७८८ साली फ्रान्समधल्या एसॉन येथे त्या प्रयोगात स्फोट झाला आणि दोघांचा जीव गेला. तरीही क्लोरेट दारूकामात आले, कारण त्याने दिलेले रंग त्याआधी कुणी पाहिले नव्हते. गंधकासोबत क्लोरेट म्हणजे कधी पेट घेईल याचा नेम नसलेले मिश्रण. गंधकात आम्लाचा अंश असला तर ठिणगीचीही वाट पाहावी लागत नाही. कारखान्यांत माणसे मरत राहिली. अखेर १८९४ साली ब्रिटनने दारूकामात क्लोरेट आणि गंधक एकत्र वापरण्यावर बंदी घातली.

मग पर्क्लोरेट आले. घर्षणाला आणि आम्लाला ते क्लोरेटपेक्षा खूपच सहनशील. मिश्रण करणाऱ्या कामगारांसाठी ही खरोखर मोठी सुधारणा होती आणि तिचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. पण पर्क्लोरेटची तपासणी क्लोरेटच्या दोषापुरतीच झाली. पाण्यात ते सहज विरघळते, मातीला चिकटत नाही, भूजलात वर्षानुवर्षे न बदलता राहते. त्याचा आयन आकाराने आणि विद्युतभाराने आयोडाइडच्या इतका जवळचा की थायरॉइड ग्रंथी आयोडाइड आत घेते त्याच वाटेवर तो आडवा येतो. ज्यांच्या आहारात आयोडीन आधीच कमी आहे अशा गर्भवतींसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी ही चिंतेची बाब आहे. पाण्यातल्या पर्क्लोरेटचा मोठा वाटा रॉकेटच्या इंधनातून आणि युद्धसामग्रीतून येतो हे खरे, पण दारूकामाचा हिस्साही मोजला गेलेला आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एडा येथील एका तळ्याच्या पाण्याचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आतषबाजीनंतर चौदा तासांच्या आत तळ्यातले पर्क्लोरेट नेहमीच्या सरासरीच्या २४ पट ते १,०२८ पट झाले. पूर्वीच्या पातळीकडे परतायला वीस ते ऐंशी दिवस लागले. थोडक्यात, कामगाराच्या डोक्यावरचा धोका बराचसा उतरला आणि त्यातला काही पाण्यात गेला.

याहून अलीकडचे आणि मला अधिक अस्वस्थ करणारे उदाहरण एअरबॅगचे आहे. एअरबॅग हे पायरोटेक्निक साधनच आहे. पूर्वी तिच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे पिशवी फुगवणारा वायू तयार करणाऱ्या धातूच्या डबीत, सोडियम अझाइड असायचे. तो विषारी पदार्थ, म्हणून उद्योग पर्यायांकडे वळला. त्यात टेट्राझोल वर्गातली संयुगे होती, ग्वानिडीन नायट्रेट होते. ताकाता या कंपनीने पुढे अमोनियम नायट्रेट निवडले. ते स्वस्त, सहज मिळणारे, आणि जळल्यावर जवळजवळ सगळेच वायुरूप होणारे. घन अवशेष नगण्य, त्यामुळे इन्फ्लेटर लहान आणि हलका करता येतो. 'स्वच्छ' या शब्दाची कागदावरची व्याख्या घेतली तर याहून स्वच्छ काय असणार?

पण अमोनियम नायट्रेटच्या स्फटिकाची रचना ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते. उन्हात उभी राहणारी गाडी दिवसा तापते, रात्री निवते. सोबत हवेतला दमटपणा असतो. वर्षांमागून वर्षे हे चक्र सोसून आतल्या घट्ट दाबलेल्या वड्या सच्छिद्र झाल्या. सच्छिद्र वडीला जळायला जास्त पृष्ठभाग मिळतो, म्हणून ती ठरल्यापेक्षा फार वेगाने जळते. दाब इतका वाढतो की इन्फ्लेटरचे धातूचे आवरणच फाटते, आणि जीव वाचवण्यासाठी बसवलेली वस्तू चालकाच्या गळ्यात पोलादाचे तुकडे घुसवते. दोन डझनांहून अधिक माणसे गेली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी एअरबॅग परत बोलवाव्या लागल्या. अमोनियम नायट्रेटचा हा गुण रसायनशास्त्राच्या पुस्तकांत फार पूर्वीपासून छापलेला होता. नव्याने शोध लागावा असे त्यात काही नव्हते. तो गुण, गाडीचे पंधरा वर्षांचे आयुष्य आणि दमट उन्हाळे या तिन्ही गोष्टी एकाच पानावर मांडून मंजुरीआधी उत्तर मागणारी सक्तीची चाचणी नव्हती. ही जबाबदारी कंपनीची होतीच. पण अशी चाचणी सक्तीची करणे मानके लिहिणाऱ्यांच्या हातात असते, म्हणून हे आपल्याला लिहिते आहे.

रंगांबद्दल थोडे सविस्तर लिहू द्या, कारण खरे चांगले संशोधन तिथेच झाले आहे. वर्गात ज्वाला-परीक्षा करताना, म्हणजे क्षार तारेवर घेऊन ज्योतीत धरताना आणि रंगावरून धातू ओळखताना, आम्ही तार आधी हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतो. क्षाराचे क्लोराइड झाले की ते ज्योतीत सहज बाष्परूप होते आणि रंग उजळून येतो. दारूकामातही नेमके हेच केले जाते. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा आणि तांब्याचा निळा रंग खुलवण्यासाठी मिश्रणात क्लोरीन देणारा पदार्थ घालतात, बहुधा पीव्हीसी किंवा क्लोरिनयुक्त रबर. काही काळ हेक्झाक्लोरोबेंझीनही यासाठी वापरले गेले. स्टॉकहोम कराराने बंदीसाठी निवडलेल्या पहिल्या बारा घातक रसायनांपैकी हे एक. सेंद्रिय पदार्थ, क्लोरीन, तांबे आणि ज्योत एकत्र आल्यावर डायॉक्सिनच्या कुळातली अतिविषारी संयुगे तयार होऊ शकतात, हे दहनभट्ट्या चालवणारा कुणीही सांगेल.

२०११ साली न्यू जर्सीतल्या पिकाटिनी आर्सेनल या अमेरिकी लष्कराच्या संशोधन केंद्रातल्या जेसी सबातिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोरॉन कार्बाइडपासून हिरवी ज्योत मिळवून दाखवली. त्यात बेरियम नाही, क्लोरीन नाही आणि पर्क्लोरेटही नाही. शुद्ध बोरॉन फार वेगाने जळतो, बोरॉन कार्बाइड सावकाश. पायरोटेक्निक कामासाठी तो निरुपयोगी आहे असेच तोवर बहुतेक मानत होते. हे संशोधन मला फार देखणे वाटते. रूढ समजुतीवर थेट बोट ठेवणारे आणि तरीही साधे. पुढे याच धर्तीवर क्लोरीनविरहित लाल ज्योत आली. त्यात ज्योतीतले वातावरण असे राखले जाते की स्ट्रॉन्शियमचा ऑक्साइड होऊन रंग नारिंगीकडे झुकू नये. म्युनिकमधल्या संशोधकांनी तर लिथियमच्या नायट्रोजनसमृद्ध क्षारापासून स्ट्रॉन्शियमशिवायही लाल रंग मिळवला. निळ्यासाठी क्लोराइडच्या जागी कॉपर आयोडाइड वापरून पाहिले गेले. निळा रंग सर्वांत हट्टी. ज्योत थोडी जास्त तापली की तो पांढुरका पडतो.

हे सगळे शोध मानकांत यायला हवेत. पण कसे? बेरियम गेले एवढ्यावर समाधान मानले तर पुन्हा तीच गल्लत होईल. बोरॉन असलेले मिश्रण जळल्यावर बोरॉनची संयुगे मागे राहतात, आणि बोरिक आम्ल प्रजननक्षमतेला घातक म्हणून युरोपीय संघाच्या काळजी घ्यावयाच्या रसायनांच्या यादीत २०१० पासून आहे. म्हणून बोरॉन कार्बाइड नको, असे माझे मुळीच म्हणणे नाही. बेरियमपेक्षा तो बरा ठरण्याची शक्यता मला भरपूर दिसते. पण ठरवायचे तर राख मोजून ठरवा. ती मोजणी मंजुरीच्या आधी व्हावी, एखाद्या तळ्यात ती सापडल्यावर नको.

घटकांच्या बंदीयाद्यांवर आपला फार भरवसा आहे असेही मला वाटते. आकाशात तडतडणाऱ्या ताऱ्यांत पूर्वी शिशाचा ऑक्साइड असे. त्याच्या जागी बिस्मथचा ऑक्साइड आला, आणि हा बदल निःसंशय चांगला. शिसे युरोपीय मानकांत निषिद्ध आहे. तरीही २०२० साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारात सहज मिळणारे बारा प्रकार जाळून त्यांच्या धुरातले कण तपासले, तेव्हा दोन प्रकारांत घातक पातळीवर शिसे सापडले. बराचसा बिस्मथ शिसे शुद्ध करतानाच हाती येतो, त्यामुळे कच्च्या मालातून शिसे परत शिरण्याची वाटही उघडी आहे. यादी तपासणारा माणूस डब्यावरचे नाव वाचतो. धूर मात्र डब्यात जे होते ते सांगतो. बंद कक्षात नमुना जाळून हवेत तरंगणारे कण आणि खाली उरलेली राख या दोन्हींतले धातू मोजणे आज कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेला जमते. ही चाचणी मानकाचा भाग व्हावी.

आता त्या जागेबद्दल, जिची आठवण या सगळ्या चर्चेत सर्वांत शेवटी होते: मिश्रण करण्याचे टेबल. ॲल्युमिनियमची भुकटी आणि नायट्रेट ओल्या बाइंडरबरोबर (मिश्रण धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाबरोबर) कालवून ठेवले की कधी कधी तो लगदा हळूहळू कोमट होऊ लागतो. वरवर काहीच दिसत नाही. जवळ गेल्यावर अमोनियाचा दर्प येतो. ॲल्युमिनियम नायट्रेटवर काम करू लागले आहे, त्यातून अल्कली आणि उष्णता तयार होते आहे, आणि अल्कलीमुळे ती क्रिया आणखी वेग घेते आहे, याची ती खूण. म्हणून जुने कारागीर चिमूटभर बोरिक ॲसिड टाकतात. तेच बोरिक आम्ल, ज्याचा उल्लेख वर केला. एका टेबलावर ते जीव वाचवते आणि दुसऱ्या यादीत घातक म्हणून नोंदले जाते. पदार्थाला सरसकट चांगला किंवा वाईट ठरवता येत नाही याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही. तो कुठे, किती आणि कुणाच्या हातात आहे हे विचारावेच लागते.

नव्या मिश्रणांवरचे शोधनिबंध मी वाचते तेव्हा त्यांत आघात, घर्षण आणि स्थिर विद्युत यांना ते किती दाद देते याचे आकडे असतात. पण ते ताज्या, कोरड्या, शुद्ध, अगदी थोड्या नमुन्याचे. टेबलावर येणारा माल तसा नसतो. भुकटीच्या दाण्यांचा आकार दर खेपेला बदलतो, हवा दमट किंवा कोरडी असते, चाळणीवर आधीच्या मिश्रणाचा अंश राहिलेला असतो. कोरड्या हवेत माणसाच्या अंगावरून सुटणाऱ्या ठिणगीत वीस-पंचवीस मिलिज्यूलपर्यंत ऊर्जा असू शकते. काही मिश्रणांना त्याहूनही कमी पुरते. नायट्रोजनसमृद्ध संयुगांची आज फार स्तुती होते आणि ती बऱ्याच अंशी रास्त आहे. त्यांची ऊर्जा मुख्यतः नायट्रोजनच्या बंधांत असते, जळल्यावर बरेचसे नायट्रोजन वायू होऊन निघून जाते, धूर कमी होतो. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपात उरतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. बंद नाट्यगृहात, जिथे प्रेक्षक तीच हवा श्वासात घेतात, तिथे मी खर्च न बघता हीच संयुगे वापरा म्हणेन. पण यांतली काही घर्षणाला फार हळवी असतात. काही बनवताना हायड्राझिनसारखा विषारी पदार्थ लागतो. धूर कमी झाला आणि तो विषारी भाग रंगमंचावरून उचलून कारखान्यात नेऊन ठेवला, तर त्याला स्वच्छता म्हणणे कामगारांवर अन्याय आहे.

मोठ्या साठ्याबद्दल थोडक्यात. १३ मे २००० रोजी नेदरलँड्समधल्या एन्सखेडे शहरात दारूकामाच्या गोदामात स्फोट झाला. २३ माणसे गेली, सुमारे ९५० जखमी झाली, एक वस्ती जवळपास पुसली गेली. चौकशीत आढळले की तिथला बराचसा माल परवान्यावर आणि खोक्यांवर लिहिलेल्यापेक्षा अधिक धोकादायक वर्गातला होता. चार-दोन ग्रॅमवर शांत जळणारे मिश्रण शेकडो किलोंच्या ढिगात, बंद पेटीत तसेच वागेल असे समजता येत नाही. नव्या मिश्रणाला जुन्याचा धोकावर्ग वारशाने देऊ नका, एवढेच इथे म्हणायचे आहे.

आपल्या क्षेत्रात चांगल्या मानकाचे उदाहरण आधीपासून आहे. समुद्रावरच्या जीवरक्षक साधनांची आंतरराष्ट्रीय संहिता हातात धरायच्या लाल मशालीबद्दल सांगते: किमान एक मिनिट जळली पाहिजे, तेजस्विता किमान १५,००० कँडेला हवी, दहा सेकंद १०० मिलिमीटर पाण्याखाली धरल्यावरही जळत राहिली पाहिजे. पॅराशूट रॉकेट किमान ३०० मीटर चढले पाहिजे, किमान चाळीस सेकंद आणि ३०,००० कँडेलाने उजळले पाहिजे. त्यात कोणते रसायन घाला हे ती सांगत नाही, काय साधले पाहिजे ते सांगते. अशा मानकात नव्या, कमी घातक पदार्थाला आत यायला दार उघडे राहते. उलट, जिथे पाककृतीच मानकात बांधून टाकली आहे, तिथे संशोधकाने कितीही चांगला पर्याय आणला तरी खरेदी करणाऱ्याला तो घेता येत नाही.

पण हीच मशाल तीन-चार वर्षांत मुदतबाह्य होते. मग ती बोटीच्या कप्प्यात किंवा घराच्या अडगळीत पडून राहते, कारण ती कुठे जमा करायची हे कुणालाच सांगता येत नाही. कचऱ्यात टाकली तर आग लागू शकते. पुरली तर त्यातले पर्क्लोरेट पाण्यात उतरते. न वापरलेली वस्तू शेवटी कुठे जाईल हे उत्पादकाने मंजुरीच्या अर्जातच लिहून द्यावे आणि ती परत घेण्याची व्यवस्था दाखवावी.

आपण म्हणाल, इतक्या चाचण्या लावल्या तर नवे काही बाजारात येणारच नाही, आणि तोवर जुने घातक पदार्थ चालूच राहतील. ही शंका खरी आहे. म्हणून कामाप्रमाणे भेद करा. जीव वाचवणाऱ्या साधनात तेज आणि टिकाऊपणा यांवर तडजोड नको. तिथे वृद्धत्वाची चाचणी सर्वांत कडक हवी, म्हणजे उष्णता आणि दमटपणाची चक्रे साधनाच्या पूर्ण आयुष्याइतकी. करमणुकीच्या दारूकामात मात्र थोडा फिका हिरवा, थोडा कमी गर्द निळा चालवून घ्यायला काय हरकत आहे? रंगाच्या शुद्धतेची अट तिथे सैल करा आणि धुराची अट घट्ट करा. नवा पदार्थ येण्याची वाट त्याने बंद होणार नाही, उलट सोपी होईल. आणि जुन्या मिश्रणांनाही त्याच चाचण्या लावा. आज मान्य असलेल्या कित्येक मिश्रणांना त्या पार करता येणार नाहीत, आणि मग तुलना खऱ्या आकड्यांवर होईल.

अजून दोन गोष्टी. एक, फसलेल्या चाचण्या प्रसिद्ध करा. कोणते मिश्रण साठवणीत बिघडले, कोणते मिसळताना पेटले, हे उत्पादकांच्या कपाटात राहते आणि दुसरा कारखाना तोच अपघात पुन्हा घडवतो. विमान अपघातांच्या चौकशीत नावे झाकून का होईना, माहिती सगळ्यांपर्यंत पोहोचते. इथेही ते जमायला हवे. दुसरी, 'हरित' किंवा 'स्वच्छ' हा शब्द खोक्यावर छापायचा असेल तर कशाच्या तुलनेत, कोणत्या घटकाबाबत आणि किती, हे त्याच आकाराच्या अक्षरांत छापण्याची सक्ती करा. पर्क्लोरेट नसलेल्या वस्तूवर 'पर्क्लोरेटविरहित' लिहा. ते खरे आहे आणि पुरेसे आहे.

आपल्या पुढच्या सुधारित मसुद्यात पर्यायी पदार्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालावे आणि त्यात मिश्रण, साठवण, ज्वलन, अवशेष आणि विल्हेवाट या पाचही टप्प्यांचे मोजलेले आकडे मागावेत, अशी माझी विनंती आहे. तो मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला करताना मिश्रणाच्या टेबलावर काम करणाऱ्यांनाही बोलवावे, त्यांच्या भाषेत. लगदा कोमट लागला तर काय करायचे, हे त्यांना समितीतल्या कुणाहीपेक्षा चांगले ठाऊक असते.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका